शेजारच्या सीटचा ब्रेक

मास्तरांचं ठाम मत होतं की हल्ली माणसं बघून चालत नाहीत. हे मत त्यांनी घरात मांडलं होतं, जिन्यात मांडलं होतं, दुकानाच्या रांगेत पुढच्या-मागच्या दोघांनाही ऐकवलं होतं, आणि प्रत्येक वेळी त्यांच्याकडे ताजा पुरावा असायचा. सकाळी फिरायला निघाले की कुणीतरी बाजूने येऊन खांद्याला खांदा मारून जायचं. वर "काका, जरा बघून!" असं म्हणून जायचं, म्हणजे चोराच्या उलट्या बोंबा. दुकानात सामानाच्या ढकलगाड्या कुठून कोण जाणे एकदम आडव्या यायच्या. मुलंबाळं पायात यायची. सायकलवाले तर आकाशातून पडल्यासारखे समोर उभे राहायचे.

"मोबाइल," मास्तर म्हणायचे. "सगळा त्या मोबाइलचा प्रताप. मान खाली, अक्कल गहाण."

घरात मोबाइलवर ठपका ठेवता येत नसे, तिथे मास्तरीणबाई होत्या. त्या कपाटाचं दार उघडं टाकायच्या आणि ते नेमकं मास्तरांच्या कपाळात बसायचं. स्टूल वाटेत असायचं. चहाचा कप टेबलाच्या अशा काही कोपऱ्यात ठेवायच्या की मास्तरांच्या कोपराचा धक्का लागलाच पाहिजे.

"अहो, कप रोज तिथेच असतो," मास्तरीणबाई फडकं आणता आणता म्हणायच्या.

"रोज चुकीच्या जागी ठेवली म्हणून ती वस्तूची जागा होत नाही."

वाद घालण्यात मास्तरांचा हात धरणारा अजून जन्मायचा होता.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. ते गाडी शिकवायचे. उभी हयात त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढली. शिकवण्याच्या गाडीत त्या सीटच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की मास्तरने आपल्या बाजूचा ब्रेक दाबायचा, गाडी जागच्या जागी उभी. त्या ब्रेकच्या जोरावर मास्तरांनी किती लोकांचे जीव आणि किती भिंती वाचवल्या असतील, याची गणती नाही. शिकणारा घाबरण्याआधीच त्यांचा पाय दाबला जायचा. शिकाऊ लोक म्हणायचे, मास्तर शेजारी असले की काही होत नाही. ते ऐकून मास्तरांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

पण त्या पायाला घरी आल्यावरही सुट्टी ठाऊक नव्हती. गॅसवर दूध ठेवलं की मास्तर तीनदा स्वयंपाकघरात डोकावणार आणि दूध जरा कुठे अंग हलवायला लागलं की बटण फिरवून मोकळे होणार. त्या घरात दूध कधी उतू गेलं नाही हे खरं. ते कधी धड उकळलंही नाही. मास्तरीणबाई पाहुण्यांना एखादी गंमत सांगायला लागल्या की मास्तर मधेच म्हणणार, "गुरुवारी नव्हे, बुधवारी." मग बुधवार की गुरुवार यावर चर्चा व्हायची आणि गंमत तशीच अर्धी राहायची. परगावी राहणारी लेक लांबलचक बोलून रेकॉर्ड करून पाठवायची, तर मास्तर त्या रेकॉर्डिंगलाही मधे मधे अडवायचे. "थांब, थांब, आधी हे सांग, नळवाला आला होता की नाही?" लेक पुढे बोलतच राहायची आणि मास्तर वैतागायचे, की हल्लीच्या पोरांना समोरच्याचं ऐकून घ्यायची सवयच नाही.

लेक एकदा घरी आलेली असताना बोलूनही गेली होती, "बाबा, तुमच्या बाजूलाही ब्रेक असतो ना, म्हणून शेजारच्या कुणालाच गाडी आपली वाटत नाही." मास्तर हसले होते. त्यांना ते कौतुक वाटलं.

तर अशा या मास्तरांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं ते मास्तरीणबाईंनी, कप फुटून फुटून सेट संपला तेव्हा. डॉक्टर तरुण होती. तिने अक्षरांचा तक्ता दाखवला, मास्तरांनी सगळ्यात खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचून दाखवली आणि बायकोकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मग डॉक्टरने त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर एकाच ठिपक्याकडे बघायचं, आजूबाजूला बारीक दिवा लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मास्तर बटणावर अंगठा ठेवून सज्ज बसले. दिवे फारसे लागलेच नाहीत.

"यंत्र बिघडलंय तुमचं," ते डॉक्टरला म्हणाले.

डॉक्टरने कागद पाहिला, खुर्ची जवळ ओढली आणि शांतपणे सांगितलं. काचबिंदू होता. समोरचं लख्ख दिसत होतं, पण नजर कडेकडेने विझत आली होती. गेलेली परत यायची नाही, उरलेली औषधाने राखायची. "आणि काका, गाडी बंद. आजपासून."

मास्तर तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने त्यांना श्वास घेणं बंद करायला सांगितलं होतं.

जिना उतरताना ते म्हणाले, "पोर आहे ती. यंत्र सांगेल ते बोलणार. मुंगीएवढी अक्षरं वाचली मी. मला दिसत नाही म्हणे!"

मास्तरीणबाईंनी फक्त गाडीची किल्ली मागितली. मास्तरांनी एक दिली. दुसरी सदऱ्याच्या खिशात होती ती तिथेच राहू दिली.

त्या दिवसापासून मास्तरांच्या मनाने एकच ध्यास घेतला. मोठ्या शहरात मोठं इस्पितळ होतं, तिथे नवीन यंत्र होतं, तिथे पुन्हा तपासून घ्यायचं. तिथली तारीख फार उशिराची मिळाली. मिळाली तर मिळाली. ते यंत्र सांगेल खरं काय ते, आणि मग किल्ली परत. ज्या माणसाने अर्ध्या गावाला गाडी शिकवली त्याने बाकीचं आयुष्य बसच्या थांब्यावर उभं राहून काढायचं, हे मास्तरांच्या गळी उतरत नव्हतं. गाडी काढून घेतली तर आपण उरतो कोण, असं त्यांना वाटे, आणि ते वाटणं इतकं उघडंनागडं होतं की ते कुणाला बोलूनही दाखवता येत नव्हतं. म्हणून ते मोबाइलवाल्यांना शिव्या घालत.

इकडे मास्तरीणबाईंनी एक दिवस जेवताना जाहीर केलं, "मी गाडी शिकतेय."

मास्तरांचा घास हातातच राहिला. "तू? या वयात?"

"या वयातच गरज पडलीय."

"बरं, उद्या सकाळी मैदानावर जाऊ. मी शिकवतो."

"तुमच्याकडे नाही शिकायचं मला," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि भाजी वाढली.

त्यांनी मास्तरांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीला गाठलं. तीही आता गाडी शिकवत होती. मास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही, असं ते आठवडाभर पुटपुटत होते, पण गावाला त्याचं काही पडलं नव्हतं. मास्तरीणबाई रोज सकाळी जायच्या आणि घाम पुसत, गाल लाल करून परत यायच्या. एकदा मास्तरांनी न राहवून विचारलं, "ती कशी शिकवते?"

"बरी शिकवते. कमी बोलते."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक मी मारते," मास्तरीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पहिल्यांदा मारला ना, तेव्हा रडू आलं मला. गाडी थांबली हो. माझ्या पायाने."

मास्तरांनी उठून गॅस बंद केला.

मास्तरीणबाई परीक्षा पास झाल्या, घरची गाडी चालवू लागल्या, आणि त्यांनी एक नियम घालून दिला. मास्तरांनी मागच्या सीटवर बसायचं. कारण पहिल्याच दिवशी मास्तर शेजारी बसले होते तर चौकाचौकात त्यांचा पाय फाडकन खाली आपटत होता. घरच्या गाडीत तिथे ब्रेक नव्हता, नुसता रबराचा गालिचा होता. पण त्या आवाजाने मास्तरीणबाई दचकायच्या आणि नको तिथे गाडी थांबवायच्या. मागून हॉर्न वाजायचे, मास्तर काच खाली करून हॉर्नवाल्याशी भांडायचे. असा सगळा तमाशा झाल्यावर मास्तरीणबाईंनी घरी येऊन सांगितलं, "उद्यापासून मागे."

मागच्या सीटवर मास्तर मुकाट्याने बसायला लागले. त्यांच्यासाठी ही हद्दपारीच होती. मागून त्यांना फक्त बायकोचा अंबाडा दिसायचा आणि आरशात तिचे डोळे. ते डोळे सारखे इकडून तिकडे फिरत असायचे. कधी आरसा, कधी डावीकडे, कधी उजवीकडे. मास्तरांना ते आवडत नसे. गाडी चालवताना इतकी मान हलवायची नसते, समोर बघायचं असतं, हे सांगायला त्यांची जीभ वळवळायची.

अखेर इस्पितळाची तारीख आली.

सकाळी मास्तर धुतलेला सदरा घालून, केस विंचरून तयार बसले, लग्नाला निघाल्यासारखे. गाडीजवळ आले आणि मागचं दार उघडण्याऐवजी पुढच्या दाराशी उभे राहिले.

"आज पुढे बसू दे," ते म्हणाले.

"अहो, हायवे आहे. तुमचा पाय आपटला आणि मी दचकले तर?"

"नाही आपटणार. मांडी घालून बसतो."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. आपला नवरा विनवणी करतोय हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला, कारण आधी तसं कधी पाहिलेलं नव्हतं. त्या हसल्या. "बोलायचंही नाही."

"हूं की चूं नाही."

मास्तरांनी चपला काढून खाली ठेवल्या, सीट मागे सरकवली आणि पंगतीला बसावं तशी मांडी घातली. पट्टा काही केल्या नीट बसेना. तो नेमका पोटाच्या वळीत रुतला. पण तक्रार केली नाही. गाडी गल्लीतून बाहेर पडली.

"येताना मी चालवणार," मास्तर म्हणाले.

"बोलायचं नव्हतं."

"हे बोलणं नाही. हे नुसतं सांगून ठेवलं."

सदऱ्याच्या खिशातली किल्ली त्यांच्या बरगडीला टोचत होती. ते टोचणं त्यांना बरं वाटत होतं.

हायवे बरा गेला. एक ट्रक फार जवळून गेला तेव्हा मास्तरांचा पाय मांडीतल्या मांडीत आखडला, पण आवाज झाला नाही. एक गाडीवाला कानाला मोबाइल लावून त्यांच्या पुढे घुसला तेव्हा मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडातून शब्द निघाला नाही. मास्तरीणबाईंनी वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं. शहाणपणाचं केलं, असं मास्तरांना मनातून मान्य करावं लागलं. दोन्ही गुडघ्यांना मुंग्या आल्या होत्या. इतक्या वर्षांत शेजारच्या सीटवर बसून त्यांनी रस्त्याकडे नुसतं कधी पाहिलंच नव्हतं. आज झाडं दिसली.

शहर लागलं, इस्पितळाची उंच इमारत दिसायला लागली. रस्ता रुंद होता, रिकामा होता. समोर लांबवर काही नव्हतं. आणि मास्तरीणबाईंनी गाडी हळू करत करत चक्क मधेच थांबवली.

मास्तर थक्क झाले. ना सिग्नल, ना गर्दी, ना चढ. त्यांनी सगळा प्रवासभर कोंडून ठेवलेलं तोंड अखेर उघडलं.

"का थांबलीस? अगं, रस्ता मोकळा आहे समोर! उगाच थांबायचं नसतं मधे. मागचा येऊन आदळेल. पाय उचल, चल, चल!"

मास्तरीणबाईंचे हात स्टिअरिंगवर होते आणि त्या मास्तरांच्या अंगावरून पलीकडे बघत होत्या, त्यांच्या खिडकीच्या दिशेला. मास्तरांना वाटलं, ती आपल्याकडेच बघतेय.

मग गाडीच्या नाकाच्या अगदी पुढे, हात लांब करून शिवता येईल इतक्या जवळ, एक माणूस आला. तो कुठून तरी एकदम तिथे उगवला होता. म्हातारासा, डोक्याला टोपी, कडेवर एक लहान पोर. तो सावकाश चालत होता. रस्त्यावर चालणाऱ्यांसाठी ओढलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवरून, अगदी नियमाने. पोराने हातातली लाल पिशवी हवेत हलवली. माणसाने मास्तरीणबाईंकडे बघून मान झुकवली, आभार मानल्यासारखी, आणि पलीकडच्या फुटपाथवर चढून निघून गेला.

त्याच्या हातात मोबाइल नव्हता.

मास्तरांनी ते पुन्हा आठवून पाहिलं. एक हात पोराच्या पाठीवर, दुसरा मोकळा. मान वर. डोळे गाडीवर. तो बघून चालत होता.

गाडी अजून उभीच होती. मागून कुणी हॉर्न वाजवला नाही.

"कोणत्या बाजूने आला तो?" मास्तरांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःला ओळखू आला नाही.

मास्तरीणबाईंना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी एकदा तोंड उघडून मिटलं.

"तुमच्या बाजूने," त्या म्हणाल्या. "मगाचपासून फुटपाथवर उभा होता. हात केला होता त्याने."

मास्तरांनी मान वळवली. खिडकीच्या काचेपलीकडे फुटपाथ होता, एक खांब होता, खांबाला टेकवलेली सायकल होती. मान वळवली तेव्हा हे सगळं तिथे होतं. त्यांनी मान सरळ केली आणि ते सगळं नाहीसं झालं. पुन्हा वळवली, पुन्हा आलं. असं त्यांनी दोन-तीनदा करून पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

त्यांना कपाटाचं दार आठवलं. स्टूल आठवलं. सगळे कप आठवले, आणि दर वेळी फडकं घेऊन खाली बसलेली बायको आठवली. खांद्याला खांदा लागून गेलेली ती सगळी माणसं, "काका, जरा बघून" म्हणणारी. ती माणसं त्यांना समजावून सांगत होती. आणि आज स्टिअरिंगवर आपण असतो तर, हा विचार जेमतेम सुरू झाला आणि त्यांनी तो पुरा होऊ दिला नाही, कारण त्यात एक लाल पिशवी होती. ते फार घाबरले. आयुष्यभर दुसऱ्यांची भीती आपल्या पायाने दाबून टाकणाऱ्या माणसाला स्वतःच्या भीतीचं काय करायचं ते कळेना.

मास्तरीणबाईंनी गाडी पुन्हा चालू केली. इस्पितळाच्या आवारात शिरल्या, आणि दोन गाड्यांच्या जागेच्या बरोबर मधे, पांढऱ्या रेघेवर पोट टेकवून गाडी उभी केली. अशी गाडी लावणाऱ्यांना तुरुंगात टाकलं पाहिजे, असं मास्तरांचं जुनं मत होतं. त्यांनी रेघ पाहिली. ती समोरच असल्याने स्पष्ट दिसली.

"बरोबर लागली का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"लागली," मास्तर म्हणाले.

त्यांनी मांडी सोडली. पाय बधिर झाले होते. ते हळूच खाली टेकवले, रबराच्या गालिच्यावर, जिथे त्या पहिल्या दिवशी त्यांची टाच चौकाचौकात आपटली होती. थोडा वेळ पाय तसेच ठेवले. मग सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून दोघांच्या मधल्या खाचेत ठेवली.

मास्तरीणबाईंनी किल्लीकडे पाहिलं. दुसरी किल्ली होती हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत असणार, कारण सदरे त्याच धूत होत्या.

"अजून तपासणी व्हायचीय," त्या म्हणाल्या. "काय निघेल ते निघेल. कदाचित..."

मास्तरांनी त्यांना मधे अडवलं नाही. वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहिली. पण मास्तरीणबाईंनाच ते पूर्ण करता आलं नाही. त्यांनी पदराने नाक पुसलं.

"चल," मास्तर म्हणाले. "उरलेली नजर तरी राखू."

ते चपला घालून उतरले. मास्तरीणबाई दार लावून आल्या आणि नेहमीच्या सवयीने त्यांच्या मागून चालायला लागल्या. दाराशी गर्दी होती. बाजूने माणसं येत होती, जात होती, चाकांच्या खुर्च्या ढकलल्या जात होत्या. मास्तर दोन पावलं चालून थांबले.

"मागे नको राहूस," ते म्हणाले, आणि मगाशी पट्ट्यांवरून गेलेला तो माणूस ज्या बाजूने आला होता तिकडे त्यांनी हात लांबवला. "इथे, या बाजूला चाल."